यंदा केक माझ्या नावाने

२ नोव्हेंबर, रविवार

नाही म्हणजे नाही! यंदा केक माझ्या नावाने जाणार.

सकाळी सुजित दूध घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "सीओ मॅडमचा निरोप आहे. नाताळच्या स्पर्धेला केक करशील ना?" (समोर मी 'अहो' म्हणते. इथे सुजित. वही माझी आहे.)

हे तिसरं वर्ष. युनिटमध्ये दर डिसेंबरला बायकांची केकची स्पर्धा असते. गेली दोन वर्षं केक मी केला, त्यावर कार्ड सीओ साहेबांच्या बायकोच्या, मृदुला मॅडमच्या नावाचं लागलं, पहिलं बक्षीस त्यांनी घेतलं आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दोनदा!

म्हटलं, "करेन. पण माझा म्हणून करेन." सुजितने कपाळावर हात मारला. "साहेबांच्या हातात माझा एसीआर आहे, वर्षाचा गोपनीय अहवाल. नायब सुभेदार व्हायची हीच वेळ आहे. हवालदाराच्या बायकोने सीओ मॅडमसमोर उभं राहायचं?"

का नाही? अंडी काय रँक बघून फेसतात?

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वतः जाऊन फॉर्म भरला. नाव — सौ. अक्षदा सुजित शेडगे. अक्षर जरा मोठंच काढलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सुका मेवा भिजत घातला. काळे मनुके, बेदाणे, खजूर, अंजीर, संत्र्याची साल घरी पाकात मुरवलेली. टुटीफ्रुटी नाही! ज्याला टुटीफ्रुटी हवी त्याने बसस्टँडवरचा बनकेक खावा.

रमची बाटली सुजितच्या कॅन्टीनच्या कोट्यातली. ओतताना तो बघत होता, जणू त्याचं रक्तच काढतेय. वेलिंग्टनच्या पोस्टिंगला शेजारच्या ताराचेचीने शिकवलं होतं — रम मोजायची नाही, मेवा बुडेपर्यंत ओतायची. केरळची ती (चेची म्हणजे ताई), मी साताऱ्याची, दोघींची हिंदी दिव्य. पण केक बरोबर कळला.

मग तह झाला. तह म्हणजे काय, सुजितने दोन दिवस तोंड पाडलं आणि मी विरघळले. केक दोन करायचे. एक मॅडमना, नेहमीसारखा सांताक्लॉजवाला. एक माझा. मिश्रण एकच.

उर्वी म्हणाली, "मम्मी, उनका वाला थोड़ा बिगाड़ दो ना।" अकरा वर्षांची आहे आणि डोकं बघा! रागावले तिला. पण क्षणभर विचार आला होता, खोटं कशाला लिहू. नाही जमणार. मला मुद्दाम वाईट करताच येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भाजले. घरच्या ओव्हनमध्ये दोन डबे एकदम मावत नाहीत, आणि वेगवेगळे भाजले तर फरक पडणार. म्हणून मिश्रण डब्यांत भरून सरळ सदर बाजारच्या बेकरीत घेऊन गेले. इथे डिसेंबर जवळ आला की जुनी माणसं आपापलं मिश्रण घेऊन भट्टीवर येतात. रांग असते. मला वाटलं होतं, हवालदाराची बायको म्हणून बाजूला उभं करतील. पण भट्टीवरच्या भैयाने डब्यात डोकावून वास घेतला आणि म्हणाला, "रंग तो बढ़िया है बहनजी। चीनी खुद जलाई?"

खुद जलाई! साखर जाळताना काळजाचा ठोका चुकतो. एक क्षण आधी काढली तर केक फिका, एक क्षण उशीर झाला तर कडू. सकाळी एक खेप वाया गेली, कढई अजून भिजत पडलीय.

दोन तास बाकावर बसून राहिले. शेजारी एक आजीबाई स्वेटर विणत होत्या, त्यांचे चार डबे होते. कुणी विचारलं नाही की तुम्ही ख्रिश्चन का, इथे कशा. मिश्रण कसं आहे एवढंच बघत होते सगळे. फार बरं वाटलं.

केक निघाले तेव्हा दोन्ही सारखे. अगदी सारखे! माझे मलाच ओळखता येईनात.

७ डिसेंबर, रविवार

दोघांना चमचा चमचा रम पाजली. कागदात गुंडाळून परत डब्यात. घरभर वास. सुजित म्हणतो, "गार्डने पकडलं तर?" मग हसला. बऱ्याच दिवसांनी.

१७ डिसेंबर, बुधवार

काजूचं मार्झिपान केलं. काजूकतलीच की ही, नुसतं नाव विलायती. जर्दाळूचा जॅम लावून दोन्ही केक झाकले. आता पांढरे गोटे दिसतायत.

सुजितने पुन्हा सूर लावला. "अजून वेळ आहे. नाव काढून घे. मी कुणाला काही सांगणार नाही."

म्हटलं, "बारा वर्षं तुमच्या पोस्टिंगमागे भांडीकुंडी बांधून फिरले. प्रत्येक गेटवर माझं नाव 'वाइफ ऑफ'. एका कार्डावर अक्षदा लिहिलं तर फौज बुडेल?"

मी उठून मार्झिपानचं भांडं घासायला घेतलं. रडू आलं होतं, पण ते त्याला दाखवायचं नव्हतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उपास. अंड्याला हात नाही, म्हणून अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग उद्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमचा झाला. सांताक्लॉज, हिरवी पानं, लाल मणी. दरवर्षीचंच, अर्ध्या तासात उरकलं.

माझ्या केकवर मात्र ठिपक्यांची रांगोळी काढली! सात ते एक. आयसिंगचा कोन धरला आणि हात आपोआप चालला. रांगोळी चिमटीतून सुटते, हे दाबून काढायचं, एवढाच फरक. पांढऱ्यावर पांढऱ्या रेषा, फक्त मधल्या ठिपक्यात केशर. एका जागी कोन जास्त दाबला गेला आणि रेष जाड झाली. तशीच ठेवली.

उर्वी बघत उभी राहिली. मग मराठीत म्हणाली, "मम्मी, छान." ती मराठीत बोलली म्हणजे खरंच छान झालंय.

२१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळ.

सकाळी नऊला सुजित आणि उर्वी दोन्ही केक युनिटच्या जिप्सीतून घेऊन गेले. कार्डं मीच लिहून डब्यांना लावली होती. साडी नेसून, आवरून अकराला मी पोचले. परीक्षण झालं होतं. टेबलावर माझी रांगोळी, तिच्यापुढे कार्ड — श्रीमती मृदुला. पहिलं बक्षीस. शेरा, "लाजवाब." शेजारी सांताक्लॉज, त्याच्यापुढे अक्षदा शेडगे. शेरा, "अंदर से थोड़ा सूखा."

एकाच मिश्रणातला! एकाच भट्टीतला!

कानशिलं तापली. सुजित मागे भिंतीपाशी उभा होता. त्याने मानेनेच 'नको' म्हटलं. मी बघितलं आणि पुढे गेले. माईकपाशी. सगळ्या बायका बसलेल्या. म्हटलं, "माफ़ कीजिए, ये केक मेरा है। कार्ड बदला गया है।"

परीक्षक दुसऱ्या युनिटच्या मॅडम, त्या म्हणाल्या, "कोई सबूत?" मी त्यांचंच पेन घेतलं, शेऱ्याचा कागद उलटा केला आणि त्यावर सात ते एक ठिपके मांडून रांगोळी काढली. न थांबता. जाड रेष कुठे आहे तेही दाखवलं. मागच्या रांगेतून टाळी आली, मग दुसरी.

मृदुला मॅडम लाल झाल्या. "अक्षदा, मैं तो साढ़े दस बजे आई। कार्ड पहले से लगे थे। मैंने समझा तुमने ही अपनी मर्ज़ी से..."

"हर साल आप यही समझती हैं?" मी म्हटलं. चारचौघांत. सीओ मॅडमना! आवाज जरासुद्धा कापला नाही.

त्यांनी स्वतः कार्ड उचललं, माझं तिथे ठेवलं, बक्षिसाचा कॅसरोलचा सेट माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, नाटक.

सुजित घरी आल्यापासून नजरेला नजर देत नाही. जेवलाही नाही. एसीआर गेला म्हणून असेल. जाऊ दे! पहिल्यांदाच माझ्या नावाला टाळ्या पडल्या आणि त्या मी ऐकल्या.

२२ डिसेंबर, सोमवार

वेणी घालताना उर्वी सहज म्हणाली, "कार्ड तो पापा ने बदले थे। मुझसे बोले, मम्मी को पता है।"

कंगवा हातात तसाच राहिला. तीन वर्षं 'मॅडमचा निरोप', 'मॅडमना केक हवाय' — प्रत्येक वेळी सुजितच्या तोंडून. मॅडमच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

माफी मागायला मी मॅडमच्या बंगल्यावर जाणार, आजच. पण एकटी नाही. सुजित परेडवरून येईल तसाच, वर्दीत, माझ्याबरोबर येईल आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगेल. वही घेऊन दारातच उभी आहे.