पडत्या ठोकळ्यांचा विजेता

ती. अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला पाचच आठवडे झालेत, आडवा झालो तर उठवायला चार माणसं लागतील.) तुझं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेल, दाजींचा खोकला आणि स्वभाव दोन्ही निवळले असतील, अशी आशा करतो. मी लेकीकडे मजेत आहे. किती मजेत, ते सांगायलाच कागद घेतलाय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

तर अक्का, तुझा धाकटा भाऊ वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळायला लागला आहे. हसून घे. हसून झालं की पुढे वाच.

झालं असं, की सकाळी लेक ऑफिसला जाते, जावईबापू दवाखान्यात (लोकांचे दात उपटायला), आणि मी सोफ्यावर, पाय स्टुलावर. चौथ्या दिवशी मी जमिनीवरच्या फरश्या मोजायला लागलो. ते बघून जावईबापूंनी आपलं खेळायचं यंत्र टीव्हीला जोडलं आणि बटणांनी लगडलेला एक कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "बाबा, वेळ जाईल." गेला. तो अजून परत आलेला नाही.

पहिला खेळ गाड्यांच्या शर्यतीचा. मी आरसे पाहिले आणि शिस्तीत निघालो. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला, मी थांबलो. बाकीच्या अकरा गाड्या सुसाट पुढे! मी बारावा आलो हे खरं, पण माझ्या गाडीवर एक ओरखडा नव्हता, आणि जो पहिला आला त्याच्या गाडीला दोन दारं उरली नव्हती. याला कोणी जिंकणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे. दुसरा युद्धाचा. बंदूक दिली, पण भांडण कोणाशी आणि कशावरून, हे कोणी सांगेना. एका माणसाजवळ चौकशी करायला गेलो तर त्याने गोळीच घातली. अशा चौकशा करत एका दुपारी मी एकोणीस वेळा मेलो. मग शोध लागला की एका पडक्या भिंतीआड बसलं की कोणी विचारत नाही. लढाई संपेपर्यंत तिथेच बसलो. आमची बाजू जिंकली, आणि पडद्यावर माझंही अभिनंदन आलं. (ते मी लेकीला दाखवायला तसंच ठेवलं होतं.) फुटबॉलमध्ये तर मी दोन गोल केले. दोन्ही देखणे, दोन्ही आपल्याच जाळ्यात.

आणि मग, अक्का, ठोकळे.

खेळ साधा आहे. वरून वेड्यावाकड्या आकाराचे ठोकळे पडतात, ते फिरवून खाली फट न ठेवता रचायचे. ओळ भरली की नाहीशी होते, ढीग वरपर्यंत गेला की तुम्ही संपलात. अगं, मी चौतीस वर्षं बंदरावर दुसरं केलं काय? क्रेनच्या दीडशे फुटांवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, दोन पायांच्या मधून खाली बघत, खोलीएवढे कंटेनर जहाजावर रचले. कुठे काय बसणार, हे माझ्या अंगठ्यांना माझ्याआधी कळतं. दोन आठवड्यांत जावईबापू माझ्यासमोर बसायचे बंद झाले. त्यांना म्हणे दवाखान्यात काम वाढलं.

गेल्या रविवारी इमारतीच्या हॉलमध्ये रहिवाशांची स्पर्धा होती. लेकीने मला न विचारता माझं नाव दिलं. कुबडी टेकत गेलो आणि शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या प्राध्यापिका, सलग तीन वर्षांच्या विजेत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "काका, पाठीला उशी देऊ का?" मी म्हटलं, "असू दे, तुमच्याकडेच ठेवा."

सुरुवात झकास झाली. पण ठोकळ्यांचा वेग वाढला तशी जुनी सवय उसळली, आणि मी पडदा सोडून पायांच्या मधून खाली बघितलं. खाली माझीच चप्पल! तेवढ्यात तीन ठोकळे वाकडे बसले, ढीग गळ्यापर्यंत आला. लेक किंचाळली, "बाबा, समोर बघा!" समोर बघितलं. मग मात्र काही आठवत नाही. हात चालत होते एवढंच. थांबलो तेव्हा बाईंचा पडदा काठोकाठ भरलेला होता आणि माझ्याकडे खाली चारच ओळी होत्या.

बाईंनी उठून हात मिळवला. म्हणाल्या, "काका, इतक्या वेगात मोजता कसं?"

"मोजत नाही," मी म्हटलं. "खाली माणसं उभी आहेत असं समजून एकेक ठोकळा ठेवतो."

हॉलमध्ये ज्या टाळ्या पडल्या, अक्का! लेक दिसेल त्याला सांगत होती, "हे माझे बाबा." शाळेत पहिली आली तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा नव्हता. मला चषक मिळाला, चांगला हातभर.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि शेजारीपाजारी जो कोणी विचारेल त्याला ही बातमी.

तुझा (विजेता) धाकटा

ता. क. चषक वीतभर आहे. लेक पत्र वाचून म्हणाली, खरं लिहा.

ता. क. दुसरं. जावईबापूंनी तीन वर्षं खपून एका खेळात अख्खं राज्य वसवलं होतं. माझे विक्रम साठवायला जागा करताना ते पुसलं गेलं. त्यांना अजून पत्ता नाही. ते तुझा मान राखतात, तेव्हा एकदा फोन करून बोलता बोलता वैराग्यावर चार शब्द सांगून ठेव.

ता. क. तिसरं, आणि हे लेकीने वाचलेलं नाही. तुझे दीर अजून बंदराच्या प्रशिक्षण विभागात आहेत ना? दोन वर्षांपूर्वी कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली, असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. तसं नव्हतं. नव्या क्रेन खाली ऑफिसात बसून, पडद्याकडे बघत, हातातल्या दांड्याने चालवायच्या होत्या. मला वाटलं, हे आपल्याला जमायचं नाही, पोरांसमोर हसं होईल. म्हणून साहेबांना ऐटीत म्हणालो, "असला पोरखेळ मी करणार नाही," आणि राजीनामा टेबलावर ठेवला. तर दिरांना विचार, नवी पोरं शिकवायला कोणी हवं आहे का. मी पडद्यावरही चालवतो म्हणावं. चषकाचं सांगू नकोस. बरं, सांग.