उजव्या गालावरचा तीळ

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच.

मी सध्या स्क्रीन प्रिंटिंग शिकते आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीला लेप लावायचा, वर चित्राची फिल्म ठेवून दिवा दाखवायचा. काळ्या भागाखालचा लेप पाण्याने धुऊन निघतो आणि तिथूनच शाई कागदावर उतरते. माझी अजून निम्मी शाई कोपरावरच उतरते.

ज्याच्याकडे बघून उमेद येते अशा माणसाचा चेहरा छापा, असं सरांनी सांगितलं. बाकीच्यांनी थोर माणसं निवडली. मी तुझा बसच्या लायसन्ससाठी काढलेला फोटो आईच्या कपाटातून ढापला. एकवीस तारखेला प्रदर्शन आहे. चित्र लावायला तुझी लेखी परवानगी हवी, नाहीतर माझी जागा रिकामी राहील.

लोभ आहेच, तो दोन ओळींत सहीसकट पाठव.

तुझी,
खारू

९ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आशीर्वाद.

परवानगी नाही. त्या फोटोत मी विनातिकीट पकडल्यासारखी दिसते. माझा कुठलाही फोटो पाहिला की ही बाई कोण, असंच वाटतं. म्हणून तर मी घरच्या फोटोंत मागच्या रांगेत उभी राहते. बावीस वर्षं बस चालवली, त्यात थोर काय? एखादी खरी थोर बाई शोध.

राग मानू नकोस. माया भरपूर आहे, फक्त ती भिंतीवर टांगू नकोस.

तुझी,
मावशी

१३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

राग मानला, चांगला दोन दिवस. मी कॉलेजात नापास झाले तेव्हा तू मला तुझ्या मागच्या सीटवर बसवून दिवसभर फिरवलंस. शेवटच्या थांब्यावर एवढंच म्हणालीस, की एक बस चुकली तर दुसरी येते, मी स्वतःच आणते. थोर बाई मी तेव्हाच शोधली होती.

आता कबुली. तुझं पत्र येण्याआधीच मी छापून बसले होते, आणि तेही चुकीचं. फिल्म उलटी ठेवली गेली. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला, भांगही दुसऱ्या बाजूला. नवशिक्यांची ही ठरलेली चूक, असं सर म्हणाले. एकच प्रत आहे. फेकवत नाही, म्हणून तुलाच पाठवते. हवं तर कपाटात अंथर.

रुसलेली, तरी तुझीच,
खारू

१७ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आशीर्वाद.

गुंडाळी उघडली. अगं, ही मी आहे. रोज डेपोला निघताना आरशात दिसते तीच. तीळ तिथेच, भांग तिथेच. फोटोतली बाई तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची असेल, मला ती कधी भेटलीच नव्हती. थोडी रडले. मग खूप वेळ बघत बसले. बरी दिसते गं मी.

परवानगी सोबत आहे. अट एकच, पुन्हा सुलट छापायचं नाही. चित्र मीच घेऊन येते, रजा टाकली आहे. आणि तिथे सगळ्यांचा फोटो काढाल तेव्हा आईला सांगून ठेव, या खेपेला मागे तिने उभं राहायचं.

तुझी,
मावशी