एकशे बारा घड्यांचा जिना

२ मार्च

चि. चिमीस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जावईबापूंचं पत्र परवा आलं. तुझा उजवा अंगठा सुजून टम्म झालाय, सकाळी बरणीचं झाकण फिरत नाही, आणि अठ्ठावीस तारखेला डॉक्टर ऑपरेशन करून त्याचा सांधा कायमचा जोडून टाकणार आहेत, म्हणजे दुखणं थांबेल पण अंगठा वाकणार नाही. हे सगळं मला त्यांच्याकडून कळावं? तुझ्या पत्रात मात्र चार पानं ती कागदाची इमारत. मुलांच्या वॉर्डातल्या भिंतीवर लावणार, दोरी ओढली की खिडकी उघडणार, खिडकीत कोण मोजे वाळत घालतंय आणि कोण मांजराला न्हाऊ घालतंय! अंगठ्याबद्दल एक ओळ नाही.

ते म्हणतात, डॉक्टरांनी कागदकाम बंद करायला सांगितलंय आणि तू ऐकत नाहीस. मग मीच त्यांना उलट टपाली लिहिलं, की तिचा कागद, कटर, ती हिरवी मॅट, झाली असेल तेवढी इमारत, सगळं खोक्यात भरा आणि माळ्यावर टाका. माझ्यावर फुगून बसू नकोस. अति तिथं माती, आणि तुझं लहानपणापासून सगळंच अति.

तुझं लांबोडकं पाकीटही मिळालं. आतला कागद टपालवाल्यांनी पार चुरगाळला होता, आडव्या-तिडव्या शंभर रेघा. मी पाणी शिंपडलं, वर पातळ फडकं घातलं आणि झकास इस्त्री केली. आता आरशासारखा सपाट झालाय. त्याचं काय करायचं ते कळव. इकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मशीनवरून उठायला फुरसत नाही.

जिवाला जप आणि ताईवर माया ठेव.

तुझी ताई


६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. इस्त्रीही पोचली.

तो कागद म्हणजे जिना होता, ताई. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाणारा, एकाच कागदातून, कुठंही न कापता, न चिकटवता केलेला. एकशे बारा घड्या. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवला की अंगठा वीस मिनिटं माझं ऐकतो. तसल्या वीस-वीस मिनिटांचे तेवीस दिवस त्यात गेले. तो उलगडून तुला पाठवला, कारण माझ्या घड्यांवरून दुसऱ्या कुणाचे हात चालतात का ते मला बघायचं होतं. तुझे चालले असते तर उरलेलं काम दोघींनी मिळून उरकलं असतं. आत चिठ्ठी घातली नाही, मागून पत्र लिहू म्हटलं, ही माझी चूक. पण अगं शिंपीणबाई, बहिणीनं कागद पाठवला तर आधी विचारायचं का इस्त्री तापवायची? तुझ्या हाती मांजर दिलं तर त्यालाही इस्त्री करशील.

आणि माळा! शिडी दोन्ही हातांनी धरल्याशिवाय मला चढता येत नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक होतं. म्हणूनच तो माळा.

काल या हातांनी काय काय केलं ते ऐक. घरातल्या चौघांची कणीक मळली. तीन बादल्या उचलल्या. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बगलेत धरून दोनदा उठवलं, त्यांच्या चादरी धुतल्या आणि पिळल्या. लेकीची परीक्षा, म्हणून तिचे कपडेही मीच पिळले. त्यानंतर अंगठा पेटला, आणि पेटला की सगळे कागदाकडं बोट दाखवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

डॉक्टरांनी मला एक यादी लिहून दिली होती. पिळणं बंद, जड उचलणं बंद, कणीक मळणं बंद, माणसाला धरून उठवणं बंद. कागदकामापुढं त्यांनी लिहिलंय, दुखेपर्यंत न ताणता अवश्य करा, बोटं हलती राहतील. ती यादी मी यांच्या हातात दिली. त्यातलं एकही काम माझ्याकडून गेलं नाही. गेलं ते फक्त कागदाचं खोकं.

इमारत चोवीस तारखेला लागायची आहे. त्या वॉर्डात महिनोन्महिने पाठीवर पडून असलेली मुलं आहेत. अठ्ठावीसनंतर असलं बारीक काम माझ्या हातून व्हायचं नाही, हे तुलाही कळतं, यांनाही कळतं. तरी तुम्ही माझ्या पाठीमागं पत्रं लिहून माझ्या हातांचा निकाल लावलात.

तुझ्यावरची माया आहे कुठंतरी. आज सापडत नाही.

चिमी


१० मार्च

जावईबापूंस स. न. वि. वि.

नमस्कार वरवरचा आहे, आत रागच आहे.

डॉक्टरांनी यादी दिली होती हे मला का कळवलं नाहीत? कागदानं तिचे हात खाल्ले असं तुम्ही लिहिलंत, मी डोळे मिटून खरं मानलं आणि वर माळ्याची अक्कलही शिकवली. माझं चुकलं ते मी तिच्याशी निस्तरेन. तुमचं तुम्ही सांगा.

तुम्ही बसच्या वेळापत्रकांच्या कचेरीत बसता. दोनशे गाड्या, कुठली कुणाच्या मागं सुटते, तुम्हाला तोंडपाठ. घरात माणसं चार. कुणी काय उचलायचं एवढं वेळापत्रक जमलं नाही? तुमच्या वडिलांची चादर तुमच्या हातांनी पिळली तर कचेरीत हजेरी लागत नाही का?

तो जिना मी खिडकीच्या काचेला लावून बघितला. घड्यांच्या पुसट रेघा अजून दिसतात. कापडावर खुणा पाडायचं माझं दातेरी चाक घेऊन मी दोन दिवस एकेक रेघ गिरवली. गणवेश तसेच पडलेत आणि शाळेचा शिपाई दारात येऊन ओरडून गेला. उद्या कागद टपालात टाकते.

उत्तर पत्रानंच द्या. फोनवर तुम्ही फार गोड बोलता.

लोभ पुढं ठेवायचा का नाही, ते तुमच्या उत्तरावर.

ताई


१४ मार्च

ती. ताईंस सा. न. वि. वि.

यादी माझ्या शर्टाच्या खिशात होती. घरी येताना बसमध्ये दोनदा वाचली. पिळणं बंद म्हणजे मी पिळायचं. नानांना उठवणं बंद म्हणजे मी तासभर आधी उठायचं. प्रत्येक ओळीपुढं माझंच नाव दिसायला लागलं. कागद बंद केला तर घरात कुणाचंच काही अडत नव्हतं, म्हणून तोच बंद केला, आणि तुम्हाला लिहिताना ते डॉक्टरांच्या तोंडी घातलं. ही लबाडी झाली. तिला दुसरा शब्द मला सापडत नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर खोकं खाली काढलं. त्यावर मी ट्रंक ठेवली होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. वरचे दोन मजले चेपलेत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नानांच्या ओल्या चादरी माझ्यापुढं आणून टाकल्या आणि स्टूल ओढून समोर बसली. मी पिळत होतो, ती बघत होती. तिसऱ्या चादरीला माझे पंजे भरून आले आणि मी थांबलो. तेव्हा ती म्हणाली की हे तिनं सुजलेल्या अंगठ्यानं चार वर्षं केलंय. मग उठून खोक्यापाशी गेली. त्या दिवसापासून चादरी, बादल्या, नाना माझ्याकडं आहेत. मी पोत्यासारखं धरतो, अशी नानांची तक्रार आहे. लेक कणीक मळते, ती कधी दगड होते, कधी खळ.

तुमच्या लोभाला मी आत्ता पात्र नाही, तरी तो मागतो.

तुमचा,
जावई


१८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

जिना मिळाला. तू सगळ्या रेघा एकाच बाजूनं गिरवल्यास, त्यामुळं सगळ्या घड्या आत वळल्या आणि जिना वर चढायचं सोडून स्वतःभोवतीच गुंडाळला गेला. मी हसले. मग मला इतका राग आला की रडू फुटलं, आणि ते बघून लेकीनं पुस्तक मिटलं.

इकडे यांचं प्रायश्चित्त चाललंय. एक बादली उचलली की माझ्या तोंडाकडं बघतात. मी शाबासकी देत नाही. मला चार वर्षांत कुणी दिली नव्हती. काल मोठ्या मनानं म्हणाले, की ऑपरेशन पुढं ढकलू, तुझी इमारत होऊ दे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलंय, की उशीर केला तर शेजारची दोन बोटंही जातील. आधी अंगठ्याच्या नावानं कागद काढून घेतला, आता कागदाच्या नावानं बोटं देऊन टाका म्हणे. मी सांगितलं की तारीख बदलणार नाही आणि इमारतही सोडणार नाही. यावर त्यांनी विचारलं, की मग सहा दिवसांत होणार कसं?

होणार असं, की तू यायचंस. परवा सकाळच्या गाडीनं, शाळा आणि शिपाई बोंबलत राहू देत. येताना चष्मा आण. या घरात माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस, नानांची चौकशी उंबऱ्यावरूनच करायची, आणि इस्त्रीला हात लावलास तर त्याच गाडीनं परत पाठवीन. जिन्याचा नवा कागद मी आखून ठेवलाय, आत वळायच्या घड्या लाल, बाहेरच्या निळ्या. तू जिना घालशील. चेपलेले दोन मजले हे आणि लेक कापून देतील, मी दाखवीन तसे. खिडक्या मात्र सगळ्या माझ्या, रोज सकाळची वीस मिनिटं.

माझा राग गेलेला नाही, ना तुझ्यावरचा ना यांच्यावरचा. तो घालवायची मला घाईही नाही. अठ्ठावीस तारखेपर्यंत हा अंगठा वाकतो, आणि तोवर त्यानं काय वाकवायचं ते मी ठरवणार.

इथं लोभ मागायची रीत आहे. यावेळी मला तुझे दोन हात हवेत.

चिमी