नायिका मंगळावर जाडी कशी झाली?

२७ फेब्रुवारी

मिळाला! माइक मिळाला! शिमग्याला पालखी मांडावर, म्हणजे गावच्या मानाच्या ओट्यावर, बसली की आमच्या गावात तो जुना व्हिडिओ पिक्चर लावतात — 'मंगळाचा माज : भाग दोन'. गावानेच काढलेला, तीस वर्षांपूर्वी. यंदा तो चालू असताना मी माइकवरून त्याची पिसं काढणार!

गावकीच्या बैठकीत सहदेवकाका आडवे आले. गावकर ना ते, गावकीचे प्रमुख! "मांडावर पोरीबाळी नाय चढत." मी म्हटलं, बाजूला उभी राहीन. बाकीचे हसले, हो म्हणाले. तर काका उठता उठता — "लोकं हसली नायत तर पुन्ना कुना पोरीन माइक मागायचा नाय. कदीच."

मंजूर. हसवीन की नाही बघाच.

२ मार्च

महाडचा क्लास आटपून आले आणि पुन्हा बघितला. अहो, भाग एक मुळात नाहीच! पिक्चर काढणारे दत्तारामकाका तेव्हा मुंबईत लग्नाचे व्हिडिओ काढायचे. त्यांचा हिशेब असा की 'भाग दोन' लिहिलं की लोकांना वाटेल, पहिला जोरात चालला. काय डोकं! आणि पिक्चरभर जो तो म्हणतो, "मागल्या वेळेसारखं नको व्हायला." मागल्या वेळी काय झालं, ते देवालाच ठाऊक.

यान म्हणजे भाताची कणगी. मंगळ म्हणजे कुडपणचा सडा, डोंगरावरचा उघडा कातळ. तिथे हवा नाही म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर मोटारसायकलची हेल्मेटं, काळ्या काचेची. आणि मागे म्हशी खुशाल चरतायत! मी एकटीच खो खो हसत बसले.

५ मार्च

मंगळाचा राजा डोहात बुडून मरतो. पुढच्याच सीनला पंगतीत भात वाढतोय.

९ मार्च

पिक्चरमधलं सगळ्यात मोठं भगदाड आज सापडलं. हे शेवटाला ठेवणार.

नायिका शिडशिडीत. काय पळते, काय उडी मारते! बाकीचे सगळे खांबासारखे उभे, ही एकटीच खरी वाटते. मग ती कातळामागे जाते — आणि पलीकडून बाहेर येतो पैलवान! तेच हेल्मेट, तीच पिवळी ओढणी, पण खांदे हे एवढे! चाल तर नांगर धरल्यासारखी. आवाजावरून कळायला वाव नाही, सगळ्यांना आवाज दत्तारामकाकांचाच. बायकांना नाकातून.

नाक्यावर सहदेवकाका भेटले. मुद्दाम विचारलं, "काका, नायिका मधेच जाडी कशी झाली हो?"

"मंगलावरचा पानी मानवला तिला," म्हणाले. हसले मात्र नाहीत.

जोक चांगला आहे. वापरणार!

१३ मार्च

भरतने पडदा बांधला. भरत माझा चुलतभाऊ, प्रोजेक्टर त्याचाच. त्याला सगळं म्हणून दाखवलं, पठ्ठ्या पोट धरून हसला. "गो, तू तर गाव लोळवशील!" मलाही तेच वाटतं. भीती? मुळीच नाही. बरं, थोडीशी.

आवडीआत्या सासरहून, सव गावाहून आली, पालखीची ओटी भरायला. दरवर्षी ओटी भरते आणि पिक्चर लागायच्या आत सासरी पळते. यंदा नाही सोडायची, पुढेच बसवणार तिला.

१५ मार्च, सकाळ

आत्याला पैलवानाचा जोक सांगितला. हसली नाही. नारळ पुसत होती, तो खाली ठेवला.

"ती शिडशिडी मी व्हते गो. सहदेवदादा आला, समद्यांच्या देखत दंडाला धरून घरी आनलान. पोरगी कॅमेऱ्यापुढं नको म्हनं. नि हेल्मेट सोताच्या डोक्यात घातलान."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगली करीत व्हते ना गो मी?"

मला रडूच आलं. म्हटलं, आत्या, अख्ख्या पिक्चरमध्ये तूच एकटी चांगली!

आज कातळाचा सीन आला की पिक्चर थांबवायचा, भरतला सांगून ठेवलंय. माइक आत्याच्या हातात देणार. मांडाच्या बाजूला नाही — मांडावर.