लमजदने बोललेला नवस

२ मे
आलो बाई एकदाचे! मला तिकीटखिडकीची नोकरी, राहायला मागच्या दोन खोल्या, दारात अंजिराचं झाड. भिंतीपलीकडे तानितबाई देवीचं जुनं ठाण. ते बघायला लोक कुठून कुठून येतात, आम्हाला न्हाणीच्या खिडकीतून फुकट दिसतं. रीम सहा वर्षांची घोडी झाली तरी बूट उलटेसुलटेच घालते. दुपारपर्यंत तिने इथल्या सगळ्या मांजरांना नावं दिली.

संध्याकाळी पाव, हरीसाची तिखट चटणी, ट्यूना घेऊन ठाणाच्या आत बसलो. आमचे नवरोबा, लमजद, नेमके एका कोरीव दगडावर टेकले. त्याला थाप मारून म्हणतात कसे, बाई, मला जहाजावर नोकरी लाव, माझ्या घरातलं हवं ते घे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी भडकले. तर दात काढून म्हणे, घाबरू नकोस, तुला नेलं तर दुसऱ्या दिवशी आणून सोडेल.

६ मे
ला गुलेत बंदरावरून फोन. लमजदला इटलीच्या जहाजावर घेतलं, भटारखान्यात! त्या आनंदात त्याने ईदचं कोकरू आत्ताच आणलं. रीमने त्याचं नाव सुक्कर ठेवलं. बाग झाडणाऱ्या मब्रूका मावशीने आधी आनंदाने किलकारी मारली, मग नवसाचं कळल्यावर मला धारेवर धरलं. म्हणाली, मेले, इथे आम्ही साधी शिवीसुद्धा देत नाही, आणि तुझा शहाणा नवस बोलला? मी हसले. पण वाटाडे रोज सांगतात ते आता पाठ झालंय. नवस पुरा झाला की लोक आपलं लेकरू आगीत द्यायचे, राख मडक्यात भरून इथेच पुरायचे. कोणी लेकराऐवजी कोकरू द्यायचे.

१५ मे
लमजद जहाजावर गेला. आज उंबऱ्यावर मातीचं छोटं मडकं, रिकामं. कोणा कार्ट्याची थट्टा असणार. फोडून टाकलं.

१६ मे
तेच मडकं. अखंड. पुन्हा फोडलं, तुकडे समुद्रात भिरकावले.

१७ मे
पुन्हा! कोण आहे तो? समोर ये म्हणावं, टाळकं फोडते.

२१ मे
रीमच्या केसांना धुराचा वास येतो. दोनदा न्हाऊ घातलं. ती म्हणते, भिंतीपलीकडची बाई मला हाक मारते, तू लमजदचीच ना, विचारते.
लमजदला फोन केला. सांग तिला की थट्टा केली, माफी माग, म्हटलं. तो म्हणे, तुझं डोकं फिरलंय, ऊन लागलं असेल. मागे भांड्यांचा खणखणाट आणि पोरांचं हसणं. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. नवस बोलणार हा, आणि फेडणार माझी लेक? का म्हणून?

२६ मे
मडकं आज घरात. रीमच्या उशाशी.
बस्स. कोकरू घ्यायचीस ना तू? घे.

२७ मे
ठाण बंद झाल्यावर सुक्करला त्याच दगडाशी बांधलं. सुरी नेली होती, चालवता आली नाही. जगात एवढी माणसं कोकरं कापतात, मीच मेली भित्री. म्हटलं, हे घे नि माझ्या लेकीला सोड, हावरट. दगड चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला, ऊन उतरलं तरी.
रीमने आकांत मांडला. बाईला दिलं, आता परत मागायचं नाही, असं दरडावून सांगितलं. एक चापटही दिली. दाराला आतून कडी घातली. रीम झोपली वाटतं. मीही जरा पडते.

२७ — नंतर
दाराशी सुक्कर बें बें करतोय. दावं तुटलेलं नाही, गाठ सोडलेली —
गाठ सोडायला मीच शिकवलं होतं तिला —
न्हाणीची खिडकी सताड. खाली मातीत बुटांचे ठसे. उलटे घातलेले. दगडापर्यंत. परत येतानाचे नाहीत —
हाका मारमारून घसा — मब्रूका धावत गेली पोलिसांकडे —
लमजद, हरामखोरा, फोन उचल —
चूक तिची नाही! मी कोकरू दिलं होतं! दिलं होतं ना, बये —
उंबऱ्यावर मडकं. आज जड आहे. गरम. तोंड फडक्याने बांधलंय — फडकं नाही, रीमची —