दुसऱ्या गिअरचा रकाना

बाबा,

घाटंजीच्या घरी मागच्या खोलीत बसून लिहिते आहे, लॅपटॉपवरच. हाताने लिहायची सवय गेली. आई ओसरीत मेथी निवडत बसली आहे. सुट्टी संपत आली, परवा मी परत जाईन. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी काय बोलावं हेच सुचत नाही. रडायला येत नाही. आधी तरी येत होतं का, तेही आता नीट आठवत नाही. पण या सुट्टीत एक गोष्ट कळली आणि ती तुमची आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

तेव्हा तुमची काळी-पिवळी जीप घाटंजीहून यवतमाळला जायची. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या बाजूला बसून यायचे. समोर आधीच दोघं-तिघं कोंबलेले, त्यात मी, आणि गिअरचा दांडा माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे. गिअर बदलायचा झाला की तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "पाय सरकव." एकदा मी खेळता खेळता त्या दांड्याच्या गोळ्यावर हात ठेवला. तुम्ही जीप बाजूला घेतली, थांबवली आणि सगळ्या सवाऱ्यांसमोर मला मागच्या फळीवर बसवलं. "ते खेळनं नोहे," तुम्ही म्हणाले, "सारी गाडी त्या दांड्यावर हाये." यवतमाळ येईपर्यंत मी कोणाकडे पाहिलं नाही. बसस्टँडवर तुम्ही मला गरम भजी घेऊन दिली, आणि परतीला काहीच झालं नाही असं दाखवत पुन्हा समोर बसवलं.

त्या रस्त्यावर सागवानाच्या जंगलातून एक लांब उतार आहे. माथ्यावर आलं की तुम्ही दांडा मधोमध आणून सोडायचे आणि जीप एकदम गप्प व्हायची. टायरचा आवाज तेवढा राहायचा. चढावर ओरडून बोलणाऱ्या बाया उतारावर हळू बोलायच्या. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ती जागाच शांत आहे. न्यूट्रल म्हणजे काय, तसं उतरल्याने डिझेल वाचतं म्हणून सगळेच जीपवाले तसं करतात, हे मला खूप उशिरा कळलं.

तुमची जीप त्याच उतारावर, खालच्या वळणावर झाडाला लागली. दुपार होती. मी शाळेतून घरी आले तेव्हा आई चुलीपाशी नव्हती. परातीत थापायला घेतलेली भाकरी तशीच होती आणि तिच्यावर आईच्या बोटांचे ठसे होते. मी ती परात उचलून ठेवली आणि हात धुतले. बाकीचा दिवस मला दिसत नाही. नंतरचं बोलणं मात्र सगळं ऐकू येतं. बाकीच्या सवाऱ्या वाचल्या, कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय. गेलात ते तुम्ही एकटे. तरी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, बाजारात एकच बोलणं. "न्यूट्रलमधी सोडली असंन. डिझेल वाचवाले गेला, लोकाइचेही जीव घेतले असते." आई कोणाचं ऐकून घ्यायची नाही. एकदा भर बाजारात तिने एका भाजीवाल्याची टोपली ढकलून दिली. "तू होता का जीपमधी? होता का तू? नाई ना? मंग तोंड बंद ठेव." मी तिच्या पदराला धरून उभी होते. त्यानंतर आम्हाला लोकांनी बोलावणं कमी केलं, आणि आम्हीही जाणं कमी केलं.

आता मी पुण्याकडे एका गाड्यांच्या कारखान्यात आहे. माझं काम तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसले असते. मी दिवसभर संगणकावर रकाने भरते. एका रकान्यात इंजिनाचे फेरे, एकात त्याची ताकद, मग प्रत्येक गिअरचा एकेक रकाना, मागच्या ॲक्सलचा, टायरच्या घेराचा. गाडी गिअरमध्ये असली की चाक आणि इंजिन एकमेकांना बांधलेली असतात. चाक किती फिरतं ते कळलं की इंजिन किती फिरतं ते आपोआप निघतं. कोणत्या गिअरमध्ये किती चढ चढेल, कुठे दम तोडेल, उतारावर इंजिन गाडीला किती धरून ठेवेल, हे सगळं गाडी बनायच्या आधीच रकान्यात दिसतं. फक्त न्यूट्रलला रकाना नसतो. तिथे चाकाचा आणि इंजिनाचा काही संबंधच राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या कपाटात तुमच्या जीपच्या जातीचं एक जुनं दुरुस्तीचं पुस्तक सापडलं. त्या दुपारी काम नव्हतं. मी तुमच्या जीपचे आकडे भरले. उतार किती, वळणापर्यंतचं अंतर किती, ते नकाशावरून घेतलं. सवाऱ्यांचं वजन अंदाजाने धरलं. हात सवयीने चालत होते. सगळं भरून झालं आणि एक जागा रिकामी राहिली. गिअर कोणता होता? जीप भंगारात गेली होती, आणि त्या दिवशीच्या सवाऱ्या कोण, कुठल्या, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. मी फाइल बंद केली आणि दुसऱ्या कामाला लागले.

परवा आठवडी बाजारात एक म्हातारी बाई लंगडत माझ्याजवळ आली. "तू जीपवाल्याची पोरगी ना?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागतील. ती म्हणाली, "मी होती त्या दिवशी. समोरच बसली होती, तुह्या बापाच्या बाजूले." तिने साडी थोडी वर करून नडगीवरचा व्रण दाखवला, बाजारातून घेतलेली वस्तू दाखवावी तसा. मी तिला रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "मावशी, त्या टायमाले गाडीचा आवाज कसा होता?"

"आवाज?" तिने रसाचा एक घोट घेतला. "आंधी त गाडी गपच होती. मागच्या बाईसंग माह्या गोष्टी चालल्या होत्या. मंग तुह्या बापानं पाय आपटला. एकदा, दोनदा. मले म्हने, बाई, पाय वर घे. मी घेतले. मंग खर्रर्र झालं, अन् इंजन असं बोंबललं का मी कानावर हात ठेवले. आवाज जरासा खाली आला, त पुन्हा खर्रर्र, अन् पुन्हा बोंबललं. पयल्यापेक्षा जास्त."

"मंग?"

"मंग झाड."

"मावशी, हे कोणाले सांगतलं काहून नाही?"

"इचारलं कोनं? पोलिसानं इचारलं, पाय कुठं मोडला. डॉक्टरनंही तेच इचारलं." रसाचा ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला होता. "चांगला होता तुहा बाप. पाय वर घे म्हनलं नसतं त दोन्ही पाय गेले असते माहे."

घरी येऊन मी फाइल उघडली. ती दोनदा बोंबललं म्हणाली, म्हणजे दोन गिअर. आधी तिसरा, मग दुसरा. रकाने भरायला फार वेळ लागला नाही. बाबा, लोक म्हणत होते ते खरं आहे. माथ्यावरून तुम्ही न्यूट्रलमध्येच निघालात. ब्रेकवर पाय आपटला आणि ब्रेक लागला नाही, तेव्हा जीप सत्तरच्या आसपास असणार. तुम्ही गिअरमध्ये, हळू उतरले असते तर इंजिनाने जीप सहज धरली असती, तेही रकान्यात दिसतं. पण त्याच्या पुढचंही दिसतं. तशीच सोडली असती तर वळणावर ती नव्वदच्या वर गेली असती आणि कोणीच वाचलं नसतं. तुम्ही तिला पन्नासच्या खाली आणली. इतक्या वेगात खालचा गिअर असाच पडत नाही. ॲक्सिलरेटर दाबून आधी इंजिनाला चाकाच्या वेगावर आणावं लागतं. म्हणजे ब्रेक गेलेल्या गाडीत, उतारावर, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला. एकदा नाही, दोनदा. तेवढ्यात बाजूच्या बाईला पाय वर घ्यायलाही सांगितलं.

मी पुन्हा पुन्हा आकडे तपासले. चूक नव्हती. मला वाटलं होतं की असं काही निघालं तर छातीत काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. बाहेर कोणाची तरी मळणीयंत्राची गाडी गेली, खिडकीची काच हलली. मी जेवणाची ताटं घेतली.

जेवताना आईला सांगितलं. "आई, गाडी न्यूट्रलमधीच होती. मंग बाबानं गिअर टाकला. दोनदा."

"हं," ती म्हणाली.

"तुले मालूम होतं?"

"न्यूट्रलचं? रोजच उतरत होते ते तसे. मी काय बसली नाही कधी त्या जीपमधी?"

"मंग लोकाइसंग इतकी भांडत काहून होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जसं मी लहानपणी काही वेडगळ विचारलं की पाहायची. "माहा माणूस होता. भांडू नको त काय करू?" मग भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून म्हणाली, "अन् ते गिअरचं म्हनतेस, बाकीचे लोकं वाचले ते त्याच्यानंच का?"

"हिशेब तसाच निघते."

"बरं झालं मंग," ती म्हणाली. पाणी प्यायली. तिच्या ताटातली ती भाकरी तशीच राहिली, नंतर तिने ती गाईला घातली. ती आता मेथीच्या काड्या वेगळ्या करते आहे, आणि कोवळ्या काड्याही टाकून देते आहे. तिचं लक्ष नाही.

बाजारात जाऊन हे सगळ्यांना सांगावं असं मला वाटत नाही. ज्यांनी बोलायचं ते बोलून गेले, त्यातले निम्मे आता नाहीत. फाइल मी ठेवून दिली आहे. तिला तुमचं नाव दिलेलं नाही. हे पत्रही कुठे जाणार नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं.

एक मात्र कोणालाच सांगितलेलं नाही. चाचणीच्या गाड्या घाटात नेतात तेव्हा मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूच्या सीटवर बसते. सगळ्यांना वाटतं, मॅडमना आकडे बघायचे असतात. तसं नाही. बाबा, मला गाडी चालवता येत नाही. मी कधी शिकलेच नाही.