लुआंग्वा नदीच्या काठी

लुसाका, झांबिया
९ सप्टेंबर २०२४

ति. वन्संना शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून लिहिते. फोटो काढून पाठवीन. आधी सांगते, हे जिवंत आहेत. उजवा हात मगरीने धरला होता, पण डॉक्टर म्हणाले, हात राहील.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून रुवैसच्या घरून इतक्या लांब, लुआंग्वा नदीकाठी तंबूत राहायला आलो. परवा नाश्त्याला बसलो असताना वाऱ्याने माझी ओढणी खाली पाण्याजवळच्या वाळूत उडून पडली. राहू दे म्हणायच्या आत तंबू आवरणारी थांडिवे हसत हसत उतरली. ती वाकली आणि पाण्यातून मगर आली. वन्सं, आवाजसुद्धा झाला नाही.

मी खुर्चीतच थिजले. सगळ्यांच्या आधी हे पोचले. दुबईत खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होडीत बसायलाही नको म्हणणारा हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिला काखेत धरून ओढत होता आणि सारखा ताई, ताई ओरडत होता. मगरीने मग यांचाही हात धरला; गाईडने वल्ह्याचे घाव घातले तेव्हा तिने सोडलं. दोघांना विमानाने इथे आणलं. थांडिवे शुद्धीवर नाही. हे नुसते भिंतीकडे बघतात. मला हे ओळखीचेच वाटेनात.

तुमच्याकडे ठेवलेल्या आमच्या तनिषला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. तुमची माया आहेच, सध्या थोडी जास्तच असू द्या.

तुमची रंजिता


अजमान
११ सप्टेंबर

चि. सौ. रंजितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि गॅस बंद करायचं सुचलं नाही, भात करपला. तनिषला सांगितलं. तो म्हणाला, आर यू शुअर, आत्या? पप्पा? मग बाथरूममध्ये नळ सोडून रडला.

आई गेली तेव्हा उप्या चार वर्षांचा होता. कुत्रं दिसलं तरी माझ्या मागे लपायचा. त्याला सांग, ताईने ऐकलं. आणि पुन्हा असं काही केलंस तर मगरीच्या आधी मी आहे म्हणावं.

ओढणीचं मनाला लावून घेऊ नकोस, वारा काही तुझ्या हातात नव्हता. थांडिवेचं कळव. शेजारच्या कमरुद्दीनभाईंनीही तिच्यासाठी दुवा मागितली. इन्शाल्ला बरी होईल म्हणाले.

दोघंही वेळेवर जेवत जा. जीव तुमच्याकडे लागलाय.

कावेरी


लुसाका
१६ सप्टेंबर

ति. ताईस शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितोय, समजून घे. थांडिवे गेली. जखमेचं विष अंगभर पसरलं.

काल तिच्या गावी दफन झालं. डॉक्टर नको म्हणत होते, तरी गेलो. तिच्या आईसमोर कसं उभं राहायचं ते कळेना. रंजिता तिच्या पायाशी बसली आणि ओढणी माझी होती म्हणाली. म्हातारीने तिला उठवून शेजारी बसवून घेतलं. मग माझा बांधलेला हात स्वतःच्या मांडीवर घेतला. ती काय म्हणते ते गाईडने सांगितलं. नदी माणूस नेते तेव्हा आम्हाला पुरायलाही काही देत नाही. माझी मुलगी तू घरी आणलीस.

ताई, मी तिला वाचवू शकलो नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. म्हातारी माझा हात थोपटत राहिली. मी हात तिथेच राहू दिला.

गुरुवारी पोचतो. तनिषला घेऊन विमानतळावर ये. बाकी कुणाला सांगू नकोस.

तुझा उप्या